लिफ्ट अप्पांनी काढून दिली म्हणे

ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलते ती) मी दुरुस्त केली. मी म्हणजे मीच, एकट्याने, कंबर धरून. हे लिहून ठेवतोय कारण काल एक जण भेटला आणि म्हणाला, "अप्पांनी लिफ्ट काढून दिली म्हणे तुमची, माणूस जाणकार हां." मी हसलो. म्हणजे दात दाखवले, बघणाऱ्याला हसल्यासारखं वाटलं असेल.

दुखणं साधं होतं. कल्टिव्हेटर, म्हणजे मशागतीचं फणांचं अवजार, वर उचलला की वर थांबेना. इंजिन चालू असताना हळूच खाली यायचा, मग हिसका देऊन वर, परत खाली, परत हिसका. इंजिन बंद केलं की गपचूप जमिनीवर. पंप गेला असता किंवा गाळणी चोंदली असती तर उचलायलाच नखरे केले असते, इथे उचलत होतं झोकात. म्हणजे दाबाखालचं तेल आतल्या आत कुठूनतरी निसटत होतं, एकतर कंट्रोल व्हॉल्व्हमधून नाहीतर पिस्टनच्या रिंगेतून. आणि ठरवलेली उंची राखणारा पोझिशन कंट्रोल बिचारा इमानदार, लिफ्टचे हात जरा खाली गेले की परत तेल आत सोडतो आणि वर घेतो. म्हणून ते हिसके.

हे मी शेजारच्या अप्पांना समजावून सांगितलं. अप्पा बादली पालथी घालून बसले होते. म्हणाले, "उचकी लागलीय त्याला. कुणीतरी आठवण काढतंय."

"ट्रॅक्टरची?"

"जुना आहे, चार हातांतून गेलाय, काढत असेल कुणीतरी."

मग उपाय सुरू झाले. तेल जाड टाक. (बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरात गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं, उगाच जाड टाकलं तर थंडीत गाळणीतून ओढताना पंपाचा जीव जाईल.) टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारी दांडी) आखूड कर. बॅटरी बघ. लिफ्टचा आणि बॅटरीचा काय संबंध असं विचारल्यावर म्हणाले, "संबंध कशाचाही असतो." मग त्यांना खरा उपाय सुचला.

"खाली लाकडाचा ठोकळा लाव ना. मग पडतंय कशाला?"

"अहो अप्पा, चालवताना ठोकळा कुठे लावू?"

"चालवताना वर धरायचंच कशाला, चालवताना ते जमिनीत पाहिजे."

"आणि बांधाला वळताना?"

अप्पांनी नीट विचार केला, हे मानलं पाहिजे. मग म्हणाले, "वळू नको."

यावर काय बोलणार? मी पाना उचलला.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती पिस्टनची रिंग बांगडीपेक्षा मोठी नसते, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी सीट काढा, लिव्हरच्या दांड्या सोडवा, लिफ्टचे हात मोकळे करा, मग ते लोखंडाचं वरचं झाकण चेन पुलीने उचला, कारण सिलेंडर त्याच्याच पोटाला लटकलेला. झिजणारी वस्तू सगळ्यात आत आणि कधीच न झिजणारं लोखंड तिच्या डोक्यावर, ही रचना ज्याने केली त्याने ती स्वतः कधी खोलली नसणार. रिंग निघाली तेव्हा गोल राहिलीच नव्हती, एका अंगाने चपटी, कडक, नखाने दाबली तर टवका निघाला. तिच्या शेजारची ती पातळ आधाराची रिंग दाबाच्या उलट बाजूला बसवायची असते, आधीच्या कुणा महाभागाने ती तेलाच्या बाजूला बसवली होती. तोच काढत असेल आठवण.

झाकणाचे बोल्ट एका मापाचे नसतात. काही लांब, काही आखूड. मी पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवले होते. हात धुऊन आलो तर पुठ्ठा रिकामा, आणि अप्पांच्या मांडीवर डबा. "सांडतील म्हणून भरून ठेवले." बंद भोकात लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो, हाताला वाटतं आवळला, झाकण मात्र सैलच. एकेक बोल्ट भोकात सोडून मापत बसलो. अप्पा डबा धरून होते, याला ते मदत म्हणतात.

इथे मला हॅरी फर्ग्युसन आठवतो. हा माणूस १९०९ मध्ये आयर्लंडमध्ये स्वतः बनवलेलं विमान उडवून मोकळा झाला आणि मग नांगराच्या मागे लागला. आज आपण जी तीन सांध्यांची हायड्रोलिक लिफ्ट वापरतो ती मुळात त्याची. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, पुढे फोर्डच्या नातवाने तो मोडला आणि लिफ्ट मात्र तीच वापरत राहिले. फर्ग्युसन कोर्टात गेला, १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर घेऊन तडजोड झाली. लिफ्टचं श्रेय दुसऱ्याने खाणं ही जुनीच परंपरा दिसते. फक्त मला कुणी डॉलर देत नाही.

सगळं बसवून कल्टिव्हेटर वर घेतला, इंजिन बंद केलं. जागचा हलला नाही. आणि एवढ्यात अप्पा सरळ त्या फणांखाली जाऊन उकिडवे बसले, पडतो का बघायला! मी ओरडलो. चांगलाच ओरडलो, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही, कारण उचललेल्या अवजाराखाली जायचं नसतं, रिंग नवी असो की जुनी. एक नळी फुटायची खोटी, खाली माणूस आहे का हे लोखंड बघत नाही. अप्पांना राग आला. बाहेर सांगताना बरोबर एवढंच सांगितलं की पोरगं तापट आहे, मीच म्हणालो होतो रिंग गेलीय.

म्हणाले होते, हे खरं. पंप, गिअर, बॅटरी, उन्हाळा आणि आधीचा मालक यांच्यानंतर.

आता आणखी एकाची लिफ्ट बसलीय आणि बोलावणं अप्पांना आलंय. मला निरोप, पाने आणि चेन पुली घेऊन ये. निरोप्याला विचारलं, मॉडेल कोणतं? तो म्हणाला, "ते अप्पा बघतील."