खुलासा: आतड्याची सूज अँटिबायोटिकने ‘मुळासकट’ जात नाही

खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘कोलायटिस, क्रोन्स म्हणजे आतड्यातलं इन्फेक्शन. मेट्रोनिडॅझोल-सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स करा, मुळासकट जाईल.’ चूक. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज व जखमा) आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन सुजेच्या आजारांत आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. क्रोन्समध्ये गळू किंवा भगंदर झालं तर डॉक्टर हीच औषधं देतात. अर्धं सत्य तिथूनच उचललेलं दिसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर मात्र ती नेहमीचा उपचार नव्हेत. उलट अँटिबायोटिकनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा जंतू बळावला तर जुलाब वाढतात. मेट्रोनिडॅझोल फार दिवस घेतलं तर हातापायांना मुंग्या येऊ शकतात. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो (डॉक्टरही चकतात), म्हणून बेळगावात मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणण्याआधी डॉक्टरांना कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सीबद्दल (आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं) विचारा. आतड्याच्या सुजेवर चालू असलेलं मेसालामाइन किंवा स्टिरॉइड असा मेसेज वाचून थांबवू नका.