पाच स्टारची भीड

आधी कबुलीजबाब देऊन टाकते. गुगलवर पडलेल्या खोट्या रिव्ह्यूंपैकी एक माझा होता. पैसे घेऊन लिहिला नव्हता (पैशांचं पुढे येतंय, थांबा), कोणी धमकी दिली नव्हती, मी आपली गाऊनवर दारात उभी होते आणि समोरचा माणूस बूट घालत होता.

झालं असं की जुलैतला शनिवार, बाहेर पाऊस धो धो, घरात दोऱ्यांवर तीन दिवसांचे कुबट कपडे, पंखा पाचवर, आणि आमची फ्रंट लोडवाली मशीन ड्रमभर पाणी पोटात घेऊन गप्प. वॉरंटी कधीच संपलेली. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, म्हणजे खाली उतरून चार जणांना विचारलं असतं तर कोणीतरी सापडला असता, पण पावसात कोण उतरणार, मी मोबाइल काढला आणि 'वॉशिंग मशीन रिपेअर नियर मी' टाकलं. पहिलंच नाव, चार पॉइंट आठ, नऊशेच्या वर रिव्ह्यू. नवऱ्याला म्हटलं बघ, एवढे लोक काय येडे आहेत का.

तासाभरात माणूस हजर. बरोबर, वेळेवर आला, ते मी नाकारत नाही. आल्या आल्या मशीनच्या खालची बारीक नळी काढली, बादलीत सगळं पाणी काढून घेतलं, मग वरचं झाकण उघडलं, दोन मिनिटं टॉर्च मारला आणि मान हलवली. "मॅडम, पीसीबी गया." म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बेचाळीसशे म्हणाला, घासाघीस करून अडतीसशेवर आला. दुसरा बोर्ड बसवला, आमचा जुना शांतपणे आपल्या बॅगेत टाकला, रिकाम्या ड्रमवर स्पिन लावला, घर्रर्र करून फिरला. मी खूश. मग त्याने गळ्यातलं लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं, त्यावर क्यूआर कोड. "मॅडम, फाइव्ह स्टार दे दो ना, हमारा इन्सेंटिव्ह इसीपे है. मेरा नाम भी डालना, और लिखना क्विक सर्व्हिस." आणि उभा राहिला, माझ्या स्क्रीनकडे बघत, एका पायात बूट, दुसरा हातात.

अशा वेळी काय करतो आपण? मी लिहिलं. क्विक सर्व्हिस, व्हेरी पोलाइट टेक्निशियन, पाच स्टार. मशीनमध्ये तोवर एक रुमालसुद्धा धुतला नव्हता!

संध्याकाळी पहिला लोड टाकला आणि परत तेच, ड्रमभर पाणी, लाल दिवा. फोन केला तर कल आयेगा. चार दिवस कल चालू होता. शेवटी वॉचमनने कॉलनीतल्याच एका दादांना पाठवलं. ते आले, मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं (मला सहा वर्षांत माहीतच नव्हतं तिथे काही उघडतं), फिल्टर फिरवून बाहेर काढला, आणि त्यातून निघालं काय तर मुलीचा एक मोजा, दोन रुपयांचं नाणं आणि एक यू-पिन. पंप मोकळा झाला. दोनशे रुपये घेतले. बोर्डाचं विचारलं तर म्हणाले, "बोर्ड गेला असता तर दिवे तरी लागले असते का ताई?" म्हणजे पहिल्याला सगळं माहीत होतं, पाणी कुठून काढायचं ते बरोबर माहीत होतं ना. आमचा चांगला बोर्ड आता कुणाच्या तरी मशीनमध्ये अडतीसशेला बसला असणार.

त्या रात्री मी ते नऊशे रिव्ह्यू वाचत बसले, शनिवारी नुसता आकडा बघितला होता, आता वाचले. आणि माझ्या लक्षात आलं की मला वाटत होतं तसं हे बोगस अकाउंटवरून कोणीतरी बसून पाडलेले वाटत नव्हते. खरी माणसं होती. कुणाच्या डीपीत नातवंड, कुणाच्या प्रोफाइलला आधीचे शाळेचे, डेअरीचे, साड्यांच्या दुकानाचे रिव्ह्यू. आणि सगळ्यांनी लिहिलेलं तेच, क्विक, पोलाइट, आणि टेक्निशियनचं नाव. मशीन महिनाभर चालली का, यावर अक्षर नाही. कारण महिना व्हायच्या आतच लिहिलंय सगळ्यांनी, दारात उभं राहून, समोर बूट घालणारा माणूस असताना. नऊशे माणसांची भीड साठवून त्याचा चार पॉइंट आठ झालाय.

आजी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तिला क्यूआर कोड माहीत नव्हता, बरं झालं.

खोटे रिव्ह्यू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विकत घेतलेले येतात, आणि तेही आहेतच, कमी नाहीत. लंडनमधला किस्सा कदाचित वाचला असेल तुम्ही, ऊबा बटलर नावाचा पत्रकार, आधी स्वतः दहा-दहा पाउंड घेऊन हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहायचा. त्याने २०१७ मध्ये घरामागच्या शेडचंच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नाव टाकलं, शेव्हिंग फोम वगैरे लावून जेवणाचे फोटो काढले, ओळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले आणि काही महिन्यांत ती शेड लंडनमध्ये एक नंबरला. एक नंबरला! आत चूल नाही आणि लोक टेबलसाठी फोन करतायत. गुगलनेच सांगितलंय की २०२३ या एका वर्षात त्यांनी नियमात न बसणारे १७ कोटींहून जास्त रिव्ह्यू अडवले किंवा काढले. हे पकडलेले. न पकडलेल्यांचा हिशोब कोण देणार.

आणि यात पैसा किती आहे बघा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिअॅटलमधल्या हॉटेलांच्या उत्पन्नाचे सरकारी आकडे आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरचे स्टार शेजारी ठेवून बघितले होते, २०११ चा पेपर आहे, त्यात एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं निघालं, आणि तेही मोठ्या चेनवाल्यांचं नाही, एकट्यादुकट्या हॉटेलांचं. म्हणजे ज्याला कोणी ओळखत नाही त्याचंच सगळं स्टारवर. मग तो गळ्यात क्यूआर घालून फिरणारच की.

ऑनलाइन शॉपिंगचं तर विचारू नका. पार्सल उघडलं की आतून एक चिठ्ठी पडते, फाइव्ह स्टार द्या, स्क्रीनशॉट या नंबरवर व्हॉट्सअॅप करा, शंभर रुपये कॅशबॅक. माझ्या जाऊबाईंनी असे दोन वेळा घेतलेत, लपवत पण नाहीत, म्हणतात वस्तू बरीच होती मग काय बिघडलं. आणि अजून एक प्रकार, मी एकदा मिक्सर बघत होते, चार पॉइंट चार रेटिंग, खाली वाचायला गेले तर पहिले पाच-सहा रिव्ह्यू मोबाइल कव्हरचे. 'फिटिंग छान बसलं, बटणं नीट दाबली जातात.' मी म्हटलं मिक्सरला हे काय. तर जुन्या कव्हरच्या पानावरच नवीन मिक्सर चढवलेला, रिव्ह्यू फुकटात मिळाले.

आमच्या विंगमधल्या एका मुलाचं तर पार वाटोळं झालं या रिव्ह्यूपायी. टेलिग्रामवर मेसेज, घरबसल्या काम, हॉटेलांना पाच स्टार द्या, एका रिव्ह्यूचे दीडशे. पहिल्या दिवशी खरंच साडेचारशे खात्यात आले, घरी पेढे वाटायचेच बाकी होते. मग प्रीपेड टास्क आला, दोन हजार भरा अठ्ठावीसशे मिळतील, तेही मिळाले, मग वीस, मग साठ, मग पैसे अडकले, काढायचे तर टॅक्स भरा म्हणे. आईची एफडी मोडली तेव्हा घरात कळलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरला, लगेच फोन करायला हवा होता, पैसे पुढे सरकायच्या आत, याने लाजेपायी तीन दिवस घालवले. पण मला त्या गोष्टीतलं डोक्यातून जात नाही ते वेगळंच, त्या पोराने ज्या हॉटेलांना पाच स्टार दिले ती कुठली तरी बालीची, दुबईची, हा गोव्याला पण गेलेला नाही, आणि त्याचे ते पाच स्टार अजून तिथेच आहेत. त्याला लुटलं, प्रकरण पोलिसात गेलं, आणि 'ऑसम स्टे विथ फॅमिली' तसंच चमकतंय.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे आहे काहीतरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० नावाचं मानक आलं, ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीच, लिहिणारा खरा आहे का ते तपासा, पैसे देऊन लिहून घेतलेले छापू नका वगैरे सगळं नीट आहे त्यात. फक्त आणलं ते ऐच्छिक म्हणून. सक्तीच्या नियमाचं आपल्याकडे काय होतं ते लोकलमधल्या अपंगांच्या डब्यात चढून बघा, मग ऐच्छिकाचं काय होणार. अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर नियम करून सरळ दंड लावलाय. पण मला सांगा, तिथला काय किंवा इथला काय, माझा पाच स्टारवाला रिव्ह्यू कुठल्या नियमात पकडणार? माणूस खरा, नाव खरं, सर्व्हिस घेतलेली खरी, पैसे घेतलेले नाहीत. सगळ्या चाळण्यांतून पास. आणि तरी खोटा.

उलट्या बाजूनेही तसंच आहे बरं का. एक स्टारवाले. आईचा गुडघा दुखत होता तेव्हा डॉक्टर शोधत होते, एकांना तीन पॉइंट सहा. भाऊ म्हणाला सोड, हे नको. मी बसून वाचले सगळे एक स्टारवाले, तर दीड तास बसवलं, रिसेप्शनवरची बाई उद्धट, पार्किंग नाही, एसी चालत नव्हता. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. एकाने तर लिहिलं होतं, ऑपरेशन नको म्हणाले, व्यायाम करा म्हणाले, पैसे वाया, एक स्टार. मी त्या एक स्टारवरच आईला तिथे नेलं! (रिसेप्शनवरची बाई खरंच उद्धट आहे, ते खोटं नाही.) आपल्या इथे रेल्वे स्टेशनला रेटिंग आहे, पोलीस चौकीला आहे, स्मशानभूमीला पण आहे, तिथले पाच स्टार कोण देतं आणि कशाबद्दल हे मला एकदा शांतपणे समजून घ्यायचंय.

म्हणजे भीड वाटली की पाच, डोकं फिरलं की एक. मधे जे असतं, काम ठीक केलं पण उशिरा आला, मिसळ झकास पण पाव शिळा, ते लिहायला कोण बसतं? मी नाही बसत. तुम्ही तरी कधी तीन स्टार दिलेत का आठवून बघा. आणि डिलिव्हरीवाल्याला तर मी चार पण देत नाही, डोळे झाकून पाच, जेवण सांडलेलं असलं तरी पाच, कारण रेटिंग पडलं की आयडी ब्लॉक होतो असं ती पोरंच सांगतात, आणि पावसात चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना चढून आलेल्या माणसाची रोजी मी आमटीवरून घालवू का. ती भीड मी सोडणार नाही. पण मग त्या आकड्याला अर्थ काय उरला, हे पण मला कळतंय.

पूर्वी ओळखीतून माणूस यायचा ते फार भारी होतं असंही मी म्हणणार नाही. माझ्या लग्नात काकांच्या 'एकदम घरच्या' केटररने शेवटच्या दोन पंक्तींना मठ्ठा संपला म्हणून ताक पाजलंय. पण एक होतं, त्यानंतर वर्षभर प्रत्येक कार्यात काकांना ऐकून घ्यावं लागलं. शिफारस करणारा समोर सापडायचा. ते नऊशे जण मला कुठे सापडणार? आणि मी तरी त्यांच्यानंतर आलेल्या नऊशे एकाव्याला कुठे सापडले.

आता ते पैशांचं. दादा फिल्टर साफ करून गेले त्या रात्री मी माझा रिव्ह्यू एडिट केला, एक स्टार, सगळं सविस्तर लिहिलं, मोज्याचा फोटो टाकला. सकाळी खाली उत्तर, डिअर कस्टमर, तुमचं रेकॉर्ड सापडत नाही, कृपया कॉल करा. अरे, काल पाच स्टार होते तेव्हा रेकॉर्ड बघितलं नाहीत ते. दुपारी त्यांचाच फोन, एकदम गोड आवाज, मॅडम आपण समजून घेऊ, दोन हजार परत करतो, फक्त तो रिव्ह्यू काढा.

मी काढला.

हो. अडतीसशे गेले होते, दोन हजार येत होते, महिन्याची वीस तारीख होती, मुलीची क्लासची फी भरायची होती. नवरा म्हणाला घे गं, तू काय जगाचा ठेका घेतलायस. जीपे आला, मी डिलीट दाबलं. दहा-दहा पाउंडवाल्या लंडनच्या माणसाला मी वर एवढं हसले, आणि माझा रेट दोन हजार निघाला. त्यांच्या पेजवर आता ना माझे पाच आहेत ना माझा एक. काल परत जाऊन बघितलं, चार पॉइंट आठच, रिव्ह्यू मात्र हजाराच्या वर गेलेत.

म्हणून ही पोस्ट इथे लिहितेय, नाव न घेता, कारण नाव न घेण्याचेच पैसे घेतलेत मी.

कॉलनीतल्या त्या दादांचं मॅपवर कुठे नाव नाही. कन्नमवार नगर, टागोर नगरमधलं कोणी असेल तर इनबॉक्स करा, त्यांना विचारून ठेवलंय, नंबर देते. काम चोख, पैसे वाजवी, मशीन तेव्हापासून चालू आहे. पण सांगितलेल्या वेळेच्या दोन तास नंतर येतात, पाना नेहमी विसरतात आणि तुमच्याकडूनच मागतात, आणि बोलायला लागले की मशीन राहते बाजूला, गावच्या घराचा वाद सुरू होतो. तीन स्टार. सव्वातीन म्हणा.