ड्रायव्हर बदलायची घाई नको

‘लिनक्सवर रिअलटेक ८८२१सीई कार्डाचं वाय-फाय सारखं तुटत असेल, तर डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बनवणारी सोय) बाहेरचा ड्रायव्हर बसवा’ हा एका लेखातला सल्ला जुन्या कर्नलपुरता (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ठीक होता. कर्नल ५.९ पासून या कार्डाचा ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८८, कर्नलमध्येच आहे. बाहेरचा बसवला की मूळचा ब्लॅकलिस्ट करा (म्हणजे लोडच होऊ देऊ नका), सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलीवर, सही करा, आणि कर्नल बदलल्यावर बिल्ड फसला की वाय-फायच गायब. नसती उठाठेव!

आधी कर्नलचा लॉग बघा. ‘एचटूसी कमांड (कार्डाच्या फर्मवेअरला दिलेली आज्ञा) पाठवता आली नाही’ किंवा ‘फर्मवेअर एलपीएसमधून (वीजबचतीच्या झोपेतून) बाहेर आलं नाही’ अशा अर्थाच्या ओळी धडाधड येत असतील, तर बहुतेक वेळा घोळ वीजबचतीचा असतो. कार्ड झोपतं ते वेळेवर उठतच नाही. मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये (मॉड्यूलची सेटिंग्ज तिथे असतात) .कॉन्फ फाइल करून दोन ओळी टाका: आरटीडब्ल्यू८८_पीसीआय साठी डिसेबल_एएसपीएम=१ (कार्डाच्या पीसीआय जोडणीची वीजबचत बंद), आणि आरटीडब्ल्यू८८_कोअर साठी डिसेबल_एलपीएस_डीप=१ (गाढ झोप बंद). नेटवर्कमॅनेजरमध्ये वायफाय.पॉवरसेव्ह २ करा (उबुंटूत ते ३, म्हणजे चालू असतं). मग नुसतं रीस्टार्ट नको, मशीन पूर्ण बंद करून सुरू करा, कारण अडकलेलं कार्ड रीस्टार्टने बऱ्याचदा सुटत नाही. सोबत विंडोज असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअपही (मशीन पूर्ण बंद होऊ न देणारी सोय) बंद हवं. शेवटी सिस्-मॉड्यूलखालच्या पॅरामीटर्समध्ये ‘वाय’ (म्हणजे होय, सेटिंग लागू झालंय) दिसतंय ना ते तपासा. ‘एन’ असेल तर फाइलीत बहुतेक स्पेलिंग चुकलंय. बॅटरी थोडी जास्त खाईल, तेवढं चालवून घ्या.