हापसा बंद, फलक चालू

गरीब देशाला मदत करायची म्हणताय? उत्तम. आधी फलक रंगवून घ्या, पाण्याचं मागून बघू.

गेल्या महिन्यात युगांडात, लिरा शहराच्या पलीकडच्या एका गावात असाच एक फलक पाहिला. निळा, झगझगीत, देणाऱ्याचं नाव वीतभर अक्षरांत. खाली हापसा, पाच महिने मुका. दांडा हापला की नुसतं खडखड. हा हापसा तसा आपल्याकडचाच. जालना आणि सोलापूरला घडलेल्या पंपांवरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या साथीनं इंडिया मार्क टू झाला आणि आफ्रिकाभर गेला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. मी सोलापूरचा. परमुलखात गाववाला भेटावा आणि तोही आजारी, असं झालं.

तर सल्ला क्रमांक एक: वायसरला पैसे देऊ नका. नव्या हापशाला द्या. नव्याची फीत कापता येते, फोटो निघतो, अहवालात लाभार्थी मोजता येतात. वायसरबरोबर कोण फोटो काढून घेणार? शिवाय मार्क टूचा वायसर बदलायचा म्हणजे सगळे पाइप एकेक करून वर ओढायचे. त्याला तिकाटणं हवं, पाने हवेत, चार माणसं हवीत, त्यांची मजुरी हवी. त्यात तिथलं पाणी पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजतात, लाल पाणी येतं, बाया ते धुण्यालासुद्धा घेत नाहीत, पिवळे जेरीकॅन उचलून परत दलदलीकडे जातात. हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी पुन्हा तेच पाइप! का, तर निविदेत स्वस्त पडतात. मी ऑफिसात दुरुस्तीचे पैसे मागितले. उत्तर आलं, "दुरुस्तीचं हेड नाही. नवीन बोअरचं आहे."

आणि त्याच आठवड्यात मला कंपालाच्या हॉटेलात तीन दिवसांच्या कार्यशाळेचं बोलावणं. विषय: टिकाऊपणा. प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची बाटली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, जेवलो, भत्ता घेतला (हो, मीही घेतला). त्या एका भत्त्यात वायसरचे कितीतरी संच आले असते.

धान्य पाठवायचं तर आपल्याच जहाजातून पाठवा. अमेरिकेत तसा कायदाच आहे. निम्मं धान्य तरी तिचा झेंडा लावलेल्या जहाजातून गेलं पाहिजे.

गुराख्यांना मासेमारी शिकवा. नॉर्वेनं केनियात तुर्काना तलावाकाठच्या गुराख्यांसाठी माशांचा कारखाना उभारला होता. थोडे दिवस चालला.

कल्पना मात्र गोड हवी. पोरं चक्रावर खेळतील, खालून पाणी वर येईल, अशा प्लेपंपसाठी 2006 मध्ये अमेरिकेत 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले. पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्रानं हिशेब मांडला: ठरल्याइतकं पाणी हवं तर पोरांनी दिवसाचे 27 तास खेळायला हवं! मोझांबिकमध्ये पोरं शाळेत आणि म्हाताऱ्या बाया ते चक्र हातानं ढकलत होत्या. आधीचा साधा हापसा काही ठिकाणी उखडून हे बसवलं होतं. चांगला चालणारा हापसा! कुणी विचारलं होतं त्या बायांना?

नाही विचारलं. तुम्ही कुणालाच विचारत नाही. आफ्रिकेतल्या हापशांपैकी साधारण तिसरा हिस्सा बंद असतो, हा अंदाज या क्षेत्रात वर्षानुवर्षं सांगितला जातो. सांगणारे तुम्हीच, कार्यशाळा घेणारे तुम्हीच, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात पुन्हा "नवीन बोअर" लिहिणारेही तुम्हीच. अरे, फीत कापल्यावर दोन वर्षांनी एकदा जाऊन दांडा हापून बघायला काय होतं? तालुक्याच्या गावी एक दुकान, त्यात वायसर आणि न गंजणारे पाइप, एक मेकॅनिक, त्याला महिन्याचा पगार. एवढंच मागतोय मी. हेड नसेल तर हेड काढा! त्या गावातली बाई माझ्या पिशवीकडे बघून विचारत होती, पाइप आणलेत का. पिशवीत कार्यशाळेची वही आणि पेन होतं.