चाकावरच्या एचपीत १५ टक्के मिळवून इंजिन मोजता येत नाही

फोंड्याचा माझा भाचा एका व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबून रिमॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचे, पैसे भरायला निघाला होता, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो: डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) चाकाला येतील त्या एचपीत १५ टक्के मिळवा, इंजिनाचे एचपी मिळाले. हे १५ टक्के एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनेच ठरवलेत. ट्यूनिंगनंतरही हेच सूत्र. उत्तर कंपनीच्या आकड्याहून कमी आलं तर कंपनीने फसवलं. डायनो नसेल तर रात्री गोव्यातल्या जुवारी पुलावर फोनच्या ॲपने मोजा.

आधी साधं गणित. इंजिनापासून चाकापर्यंतच्या वाटेत १५ टक्के जातात तर चाकाला ८५ टक्के उरतात, म्हणजे ०.८५ ने भागायला हवं. चाकाला ७० आले तर ८२.४. मेसेजच्या हिशोबाने ८०.५. स्वतःचं गृहीतकही धड लावलेलं नाही.

एसएईचं नाव घेणाऱ्याने तिचं जे१३४९ हे मानक उघडून बघितलेलं नाही. ते मानक इंजिनाच्या नेट पॉवरचं आहे, गिअरबॉक्सचं नव्हे. त्यात ८५ टक्के येतात ते इंजिनाच्या स्वतःच्या यांत्रिक कार्यक्षमतेचे, आणि तेही फक्त हवामानाची दुरुस्ती काढताना, म्हणजे आकडा एका ठरावीक हवेतला करून घेताना, धरलेले; ती हवा म्हणजे २५ अंश तापमान, ९९ किलोपास्कल कोरडी हवा. त्याचा गिअरबॉक्सच्या तोट्याशी जोडलेला संबंध बादरायण आहे.

खरं नुकसान करतो तो ट्यूनिंगचा मुद्दा. गिअरबॉक्समधला तोटा दोन तऱ्हेचा. एक तेल घुसळण्याचा, बेअरिंग आणि ऑइल सीलच्या घर्षणाचा. तो आरपीएमवर आणि तेल किती तापलंय यावर ठरतो, इंजिन किती जोर लावतंय यावर फारसा नाही. दुसरा गिअरचे दाते एकमेकांवर दाबून घासतात त्याचा, तो जोराबरोबर वाढतो. आता रिमॅपने चाकाला ७० चे ८० झाले असं धरा. टक्क्यांच्या सूत्राने तोटा १२.४ वरून १४.१ वर गेला. गिअरबॉक्स तोच, तेल तेच, आरपीएम तेच, मग पहिल्या तऱ्हेचा तोटा वाढेल कशाने? तरी कागदावर १० ची वाढ ११.८ होते. वरच्या १.८ पैकी बराचसा भाग इंजिनात नाहीच, भागाकारात आहे. आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले जातात ते ११.८ चे.

मॅन्युअल, पुढच्या चाकांच्या गाडीला १५ टक्क्यांच्या आसपास तोटा निघू शकतो, एवढं मान्य. ढोबळ अंदाज म्हणून चालेल. स्कूटरला तेही नाही: व्हेरिएटरचा (गिअरऐवजी बेल्टने वेगाचं प्रमाण बदलणारी पुली) बेल्ट आणि क्लच यांचा तोटा वेग बदलला की बदलतो.

कंपनीने फसवलं म्हणण्याआधी एकक बघा. ब्रोशरवर बहुधा पीएस असतो, म्हणजे ७३५.५ वॅट. डायनोचा एचपी ७४५.७ वॅटचा असू शकतो. मग आपली हवा. पावसाळ्यात ३० अंश, ८५ टक्के दमटपणा, दाब १००८ मिलिबार धरला, तर त्यातले ३६ मिलिबार नुसत्या वाफेचे. जे१३४९ प्रमाणे दुरुस्ती साधारण ३ टक्के येते, म्हणजे मोजलेला आकडा तेवढा वाढवावा लागतो.

जुवारी पुलावर मोजा म्हणणाऱ्याला काय म्हणावं! तिथे माणसं घरी जात असतात. जिवाची जोखीम घेऊनही आकडा चुकीचाच मिळतो. १००० किलोच्या गाडीला ताशी १०० च्या वेगात फक्त १ टक्का चढ असला तरी साडेतीन एचपीहून जास्त त्यातच जातात. वारा वेगळाच.

भाच्याला सांगितलं ते असं. रिमॅपच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये मोज; १:१ च्या जवळचा, म्हणजे इंजिनाचे फेरे जवळपास तसेच पुढे देणारा, गिअर घे. टायरची हवा दोन्ही वेळा सारखी, गाडी डायनोला बांधायचे पट्टेही सारखेच आवळलेले, कारण पट्टा जास्त ओढला की टायर रोलरवर दबतो आणि आकडा पडतो. तेल पूर्ण तापू दे, पंखा समोर ठेव, तीन रन घे. मग चाकाचा आकडा चाकाच्याच आकड्याशी ताडून बघ, इंजिनाचा काढूच नको. रोलर आपोआप थांबेपर्यंत क्लच दाबून तोटा मोजतात (कोस्टडाउन), त्यातून दिसतो तो बिनजोराचा तोटा, खऱ्याहून कमी. दोन्ही कागदांवर करेक्शन फॅक्टरची, म्हणजे हवामानाच्या दुरुस्तीच्या गुणकाची, ओळ वाच: एकाच दिवशीच्या आधीच्या कागदावर १.०० आणि नंतरच्यावर १.०३ असेल, तर ती ३ टक्के वाढ रिमॅपची नाही.