पंपावर बहिष्कार घाला म्हणे!

पेट्रोलचे भाव चढले की हा मेसेज उगवतोच. या वेळी तो अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्याच ग्रुपमध्ये माझा चुलतभाऊ आहे, जो तिकडेच पेट्रोलपंप चालवतो, तोही एका बड्या तेल कंपनीची पाटी लावून. तो बिचारा काही बोलला नाही. मला मात्र गप्प बसवेना. आत्याने आख्खी नोकरी बँकेत खातेवह्या तपासण्यात काढली आणि हा मेसेज पुढे ढकलताना साधा एक गुणाकार करून पाहिला नाही, याचा राग जास्त आला.

ज्यांच्यापर्यंत हे रत्न पोचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. येत्या १५ तारखेला अमेरिकेत कुणीही पेट्रोल भरायचं नाही. इंटरनेटवर ७ कोटी ३० लाख अमेरिकन आहेत, टाकी भरायला ३० ते ५० डॉलर लागतात, म्हणजे एका दिवसात तेल कंपन्यांचे २२९ कोटी २० लाख डॉलर बुडतील. एप्रिल १९९७ मध्ये असंच केलं होतं तेव्हा रातोरात गॅलनमागे (अमेरिकेचा गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर) ३० सेंट उतरले. शिवाय यापुढे एक्सॉन आणि मोबिल या दोन कंपन्यांच्या पंपावर पाऊलही ठेवायचं नाही. त्यांना भाव पाडावेच लागतील आणि मग बाकीचे मागोमाग येतील. मध्यपूर्वेतल्या तेलवाल्यांना धडा मिळेल तो वेगळाच. मेसेज दहा जणांना पाठवा, बघता बघता तीस कोटी लोकांपर्यंत जाईल. खरं तर हे दोन वेगवेगळे जुने ईमेल आहेत, कुणीतरी टाके घालून एक केलेत. टाके दिसतातही.

आधी ती १९९७ ची दंतकथा. अमेरिकेचं ऊर्जा माहिती प्रशासन, म्हणजे ईआयए, १९९० पासून दर आठवड्याला देशभरातल्या पंपांवरचे भाव नोंदवतं. हा तक्ता कुणालाही फुकट बघता येतो. एप्रिल १९९७ चे आकडे काढा. साध्या पेट्रोलचा भाव गॅलनला १ डॉलर २० सेंटच्या आसपास रेंगाळतोय, इकडेतिकडे सेंट-दोन सेंट. ३० सेंट उतरले असते तर एक चतुर्थांश भाव एका रात्रीत गेला असता आणि तक्त्यात दरी पडलेली दिसली असती. तशी दरी सोडा, खड्डासुद्धा नाही. कारण त्या महिन्यात बहिष्कार झालाच नव्हता. झाला तो दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९९९ ला, ‘गॅस आउट’ या नावाने. तेव्हा भाव का चढले होते? आदल्या हिवाळ्यात कच्चं तेल पिंपाला (म्हणजे बॅरलला, ४२ गॅलनला) १०-१२ डॉलरपर्यंत घसरलं होतं, म्हणून मार्च १९९९ मध्ये ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन कापलं. लोकांनी एक दिवस पंपाकडे पाठ फिरवली म्हणून ओपेकने काही नळ पुन्हा उघडला नाही. वर्षअखेरीस पेट्रोल एप्रिलपेक्षा महाग होतं आणि २००० च्या उन्हाळ्यात त्याने दीड डॉलरही ओलांडला.

आता तो गुणाकार. मेसेजमधला हा भाग साधारण २००४ ते २००७ च्या दरम्यान फिरत होता, तेव्हा २००७ चेच आकडे घेऊ. अमेरिकेचा पेट्रोलचा खप दिवसाला सुमारे ३९ कोटी गॅलन. त्या मे महिन्यात भाव तीन डॉलरच्या थोडा वर. गुणा. १२० कोटी डॉलरच्या आसपास येतात. म्हणजे देशातल्या झाडून सगळ्या गाड्यांनी त्या दिवशी जेवढं पेट्रोल घेतलं असतं, त्याची एकूण किंमत १२० कोटी. आणि बहिष्काराने बुडणार २२९ कोटी! जेवढी विक्रीच होत नाही त्याच्या जवळजवळ दुप्पट नुकसान. हे कसं झालं? मेसेज लिहिणाऱ्याने धरलं की इंटरनेटवरचा प्रत्येक माणूस रोज रिकामी टाकी घेऊन पंपावर जातो आणि गच्च भरून येतो. रोज! आत्या, तू महिन्यातून किती वेळा टाकी भरतेस ते तरी आठवायचंस.

आणि समजा, सगळ्यांनी खरंच १५ तारीख पाळली. पुढे काय? गाडी त्या दिवशीही चालणारच आहे. १४ ला रात्री रांगा लागतील, नाहीतर १६ ला सकाळी. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. आठवड्याची बेरीज केली तर एक थेंब कमी खपलेला नसतो. कंपन्यांच्या टाक्यांमध्ये कित्येक दिवसांचा साठा असतो. एका दिवसाची उधारी त्यांना कळतही नाही.

एक्सॉन आणि मोबिल या ‘दोन’ कंपन्यांबद्दल तर काय बोलावं. ३० नोव्हेंबर १९९९ ला त्या एक झाल्या. तेव्हापासून एक्सॉनमोबिल ही एकच कंपनी आहे. मेसेज मात्र अजून दोघींना वेगवेगळं दटावतोय.

पण खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. लोकांना वाटतं, पंपावर ज्या कंपनीची पाटी, तिच्याच विहिरीतून तेल निघालं आणि तिच्याच कारखान्यात शुद्ध होऊन इथवर आलं. तसं नसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं जवळजवळ निम्मं इंधन कोलोनियल पाइपलाइनमधून येतं. ही टेक्सासमधल्या ह्यूस्टनपासून न्यूयॉर्क बंदरापर्यंत जाते आणि दिवसाला १० कोटी गॅलन वाहू शकते. तिच्यात वेगवेगळ्या रिफायनऱ्यांचा माल एकामागोमाग सोडला जातो. एका प्रतीचं पेट्रोल म्हणजे एका प्रतीचं पेट्रोल. अमक्याने आत घातलेलाच थेंब तमक्या डेपोत बाहेर निघतो असं काही नाही. डेपोवर एकाच टाकीखाली वेगवेगळ्या ब्रँडचे टँकर लागतात. टँकर भरताना त्या त्या कंपनीचं रसायन, इंजिन साफ ठेवणारं, ठरावीक मात्रेत सोडलं जातं. ब्रँडमधला मुख्य फरक तेवढाच. बाकी पेट्रोल तेच.

तेव्हा तुम्ही एक्सॉनची पाटी सोडून पलीकडच्या बिनब्रँडच्या पंपावर गेलात, तर त्या पंपाला जास्तीचा माल लागणार. तो कुठून येणार? घाऊक बाजारातून. आणि घाऊक बाजारात ज्याच्याकडे माल पडून आहे तो विकणार, म्हणजे तीच कंपनी, जिच्यावर तुम्ही रुसलात. पैसा फक्त वळसा घालून गेला.

वळसा घालताना चिरडला कोण जातो? माझा चुलतभाऊ. मेसेजमधलं सगळ्यात वाईट हेच आहे आणि मेसेजला त्याचा पत्ताच नाही. एक्सॉनमोबिलने जून २००८ मध्येच जाहीर केलं की अमेरिकेत स्वतःच्या मालकीचे उरलेले सुमारे २,२०० पंप विकून आपण किरकोळ विक्रीच्या धंद्यातून बाहेर पडतोय, कारण त्यात काही सुटत नाही. म्हणजे जगातली एक सगळ्यात श्रीमंत तेल कंपनी म्हणते की पंप चालवणं परवडत नाही. आज त्या पाटीखाली जो उभा आहे तो वितरक नाहीतर एखादं कुटुंब आहे. पाटी भाड्याची, करार काही वर्षांचा. माल ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा. गॅलनमागे खर्च जाऊन हातात काही सेंट. गिऱ्हाईक कार्डाने पैसे देतं, त्याची फी मालकाच्या खिशातून, आणि भाव चढले की तीही चढते. भाऊ जगतो तो आतल्या दुकानातल्या कॉफीवर आणि थंड पेयांच्या बाटल्यांवर. बहिष्कार पडला तर कॉफीसुद्धा जाते. टेक्सासमधल्या मुख्यालयात कुणाची झोप उडत नाही, उडते ती याची.

यावर ग्रुपवरच्या एका काकांनी लगेच मोरोक्को काढलं. रास्त आहे, बहिष्कार कधीच चालत नाहीत असं मी म्हणत नाही. एप्रिल २०१८ मध्ये मोरोक्कोत लोकांनी तीन ब्रँडवर बहिष्कार टाकला: एक दूध, एक बाटलीबंद पाणी आणि अफ्रिकिया हे पेट्रोलपंप. सेंट्राल दानोन या दूध कंपनीची विक्री इतकी पडली की सप्टेंबरमध्ये तिने ताज्या दुधाचा भाव उतरवला. पण काका, दूध नासतं. ते टाकीत साठवून पुढच्या महिन्यात दुसऱ्या ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आणि दुधाचा भाव रोज जागतिक बाजारात कच्च्या तेलासारखा ठरत नाही. अमेरिकेत पंपावरच्या किमतीतला साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा कच्च्या तेलाचा असतो. उरलेल्यात रिफायनरी, वाहतूक, पंप आणि कर. त्यातला केंद्राचा कर १९९३ पासून १८.४ सेंटवर आहे, तो बहिष्काराने हलणार नाही. कच्च्या तेलाचा जगाचा खप दिवसाला १० कोटी पिंपांच्या घरात. तिथे आत्याच्या १५ तारखेची काय किंमत!

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. मागणी खरोखर पडली तर भाव पडतात. एप्रिल २०२० मध्ये लोक घरात कोंडले गेले, अमेरिकेत पेट्रोलचा खप दिवसाला ९० लाखांहून जास्त पिंपांवरून ५१ लाखांच्या आसपास आला, आणि महिनाअखेर गॅलनचा सरासरी भाव १ डॉलर ७७ सेंट झाला. २० एप्रिलला तर कच्च्या तेलाचा वायदा, म्हणजे पुढे माल घ्यायचा आजच ठरलेला भाव, शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. पण हे कुणी दुसऱ्या पंपावर गेल्याने झालं नाही. गाड्याच दारात उभ्या होत्या, आठवडेच्या आठवडे. त्यासाठी जग बंद पडावं लागलं. आणि लगेच त्याच महिन्यात ओपेक आणि मित्रदेशांनी मे पासून दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरवली. ज्यांना ‘धडा’ शिकवायचा ते असे वागतात. लॉकडाउनशिवाय लोक स्वतःहून किती कमी जाळतात? ईआयएनेच २०१४ मध्ये मांडलं होतं की भाव २५ ते ५० टक्के घसरला तर गाड्यांचा प्रवास जेमतेम एक टक्का वाढतो. उलट दिशेनेही ओढ तेवढीच ढिली. नोकरीवर जायचंच असतं.

कंपन्या आणि पंप धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. कच्चं तेल महागलं की पंपावरचा आकडा झटकन चढतो आणि स्वस्त झालं की रडतखडत उतरतो, हे अर्थतज्ज्ञ बोरेनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच आकडेवारीने दाखवलं आहे. (बघा, त्या वर्षी खरंच काही झालं होतं.) तेव्हा आत्याचा संशय अगदीच हवेतला नाही. औषध चुकलं आहे.

मध्यपूर्वेचं म्हणाल तर अमेरिका बाहेरून जे कच्चं तेल आणते त्यातलं निम्म्याहून जास्त कॅनडाचं असतं, आणि २०१८ पासून ती स्वतःच जगातली सगळ्यात मोठी तेल उत्पादक आहे. धडा शिकवायचा तर आधी टेक्सासला शिकवावा लागेल. आणि ती दहा-दहा जणांची साखळी? तीस जणांपासून सुरू करून सात वेळा दहाने गुणलं की तीस कोटी, हिशेब बरोबर. फक्त टाके घातलेल्या दोन ईमेलपैकी हा साखळीवाला, जास्त जुना ईमेल निघाला तेव्हा अमेरिकेची लोकसंख्याच २८ कोटी होती, पाळण्यातली बाळं धरून.

मग करायचं काय, असं आत्याने विचारलंच, जरा घुश्शात. पाटी बघू नकोस, भाव बघ, एवढंच सांगितलं. जाता जाता जो पंप स्वस्त दिसेल तिथे भर. शेजारशेजारच्या पंपांना एकमेकांच्या आकड्यावर डोळा ठेवावा लागतो तो अशाच गिऱ्हाइकांमुळे. पण त्यासाठी मुद्दाम लांब जाऊ नकोस. गॅलनला ५ सेंट स्वस्त म्हणून १२ गॅलन भरलेस तर ६० सेंट वाचतात. त्यासाठी जाऊन-येऊन १० मैल जास्त गेलीस आणि गाडी गॅलनला २५ मैल देत असेल, तर ०.४ गॅलन जळतं. तीन डॉलरने धरलं तरी १ डॉलर २० सेंट. हा गुणाकार तिने केला, आणि बरोबर आला असं कळवलं.