भूकंपाची तालीम सकाळी अकरालाच का?

कॉलेजात भूकंपाची रंगीत तालीम होते ती हमखास सकाळी अकराच्या सुमारास. सायरन वाजतो, पोरं खिदळत जिन्याने उतरतात, मैदानात रांगा, प्राचार्यांचं मनोगत, फोटो, चहा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत एक कागद वाढतो.

आता आपल्याकडचे भूकंप बघा. कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारनंतर. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपलेली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला तो सकाळी सहाच्या सुमारास. या वेळेला कॅम्पसवर प्राचार्य नसतात, एनएसएसवाले नसतात. होस्टेलची पोरं असतात आणि एक वॉचमन.

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्या मुलींच्या होस्टेलचं चॅनल गेट रात्री बंद होतं. वॉचमनकाकांना म्हटलं, जरा उघडून दाखवा. दातात टॉर्च धरून ते जुडग्यातली एकेक चावी लावत बसले. सगळ्या सारख्याच, एकीवरही खूण नाही. मागच्या दाराची चावी? "ती मॅडमकडं असती सर." मॅडम राहतात गावात. खिडक्यांना गज. हे सगळं मुलींच्या सुरक्षेसाठी, बरं का!

दुसरा घोळ डोक्यातला. किल्लारीनंतर आपल्याकडे भूकंप म्हटलं की पळा, एवढंच ठसलंय. तिथली घरं दगड-मातीची, वर मातीचं जड माळवद. ते कोसळलं की खालचा माणूस दबलाच. आरसीसीच्या तिसऱ्या मजल्यावरून जिन्याकडे पळणं मात्र वेगळं. धक्के काही सेकंदांचे, तेवढ्यात खाली पोचणं होत नाही. चेंगराचेंगरी होते आणि बाहेर पडलंच तर डोक्यावर काचा, गच्चीच्या कठड्याच्या विटा, एसीचे डबे. हादरे चालू असताना टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा, डोकं झाका. पलंगावर असाल तर तिथेच पालथे पडा, डोक्यावर उशी. थांबलं की मग जिन्याने उतरा, लिफ्टने नाही, आणि इमारतीपासून लांब मोकळ्यावर जा. चप्पल घाला, खाली काचा असतात. जुन्या दगडी इमारतींचा प्रश्न वेगळा. त्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, तालमीने भिंत भक्कम होत नाही.

लोखंडी कपाटं भिंतीला बोल्टने आवळा. केमिस्ट्री लॅबमधल्या ॲसिडच्या बाटल्या वरच्या फळीवरून खाली आणा. ही कामं एका सुतारात आणि एका दुपारीत होतात.

नंतरचे धक्के येतच राहतात, म्हणून चार्जर आणायला परत वर जायचं नाही. मेसचे सिलिंडर बंद. गॅसचा वास आला तर लाइटचं बटणही दाबायचं नाही. फोन लागत नसेल तर घरी एसएमएस टाका. आणि कोण आत राहिलंय ते कळायला खोलीवार यादी लागते. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरात असून भागत नाही, कागदावर गेटपाशी पाहिजे.

दिवसाची तालीम नको असं नाही. २००५ चा काश्मीरचा भूकंप सकाळी आला, पलीकडच्या पाकव्याप्त भागात शाळा भरलेल्या होत्या आणि वर्गच्या वर्ग गाडले गेले. पण वर्षातून एक तालीम पहाटे चारला, न सांगता, होस्टेलवर घ्या, एवढंच मी मीटिंगमध्ये म्हटलं. उत्तर मिळालं, "अपरात्री मुली बाहेर काढल्या तर पालक काय म्हणतील?"

पालकांनो, काय म्हणाल ते इथेच लिहा. प्रिंटआउट काढून पुढच्या मीटिंगला नेतो.